स्कोप लोगोवर अडकलाय, फर्मवेअर परत कसं मारायचं?

रिकामा_प्रोब
मंडळी, मदत हवी आहे. दोन चॅनलचा, १०० मेगाहर्ट्झचा डिजिटल स्कोप (ऑसिलोस्कोप) आहे. यूएसबी स्टिकवरून फर्मवेअर अपडेट चालू होतं, पट्टी साधारण तिसऱ्या हिश्शापर्यंत सरकली आणि वीज गेली. आता चालू केला की पंखा फिरतो, पडद्यावर लोगो येतो, पॅनलवरचे सगळे दिवे एकदम लागतात आणि तसेच राहतात. एरवी सुरू होताना आतले रिले टकटक वाजायचे, ते वाजत नाहीत. कुठलंही बटण दाबा, ढिम्म.

वॉरंटी कधीच संपली. कंपनीला विचारलं तर "मेन बोर्ड बदलावा लागेल" एवढंच उत्तर. फर्मवेअर अर्धवट लिहिलं गेलंय म्हणून अख्खा बोर्ड बदलायचा हे पटत नाही. मल्टीमीटर, बरी सोल्डरिंग आयर्न आणि यूएसबी-सिरियल अडॅप्टर हाताशी आहे. कुठून सुरुवात करू?

पुलअप
आधी सोपं करून बघा. बऱ्याच स्कोपमध्ये चालू करताना एखादं ठरावीक बटण दाबून धरलं की बूटलोडर (यंत्र चालू होताना सगळ्यात आधी चालणारा छोटा प्रोग्राम) थेट यूएसबीवरची फाइल शोधतो. कोणतं बटण ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. स्टिक फॅट३२ करा, विभाजन एकच, तेही जुन्या एमबीआर पद्धतीचं, आणि फाइल कुठल्याही फोल्डरमध्ये न ठेवता वरच टाका. फाइलचं नाव अजिबात बदलू नका. एकच फाइल दोनदा उतरवली की ब्राउझर नावापुढे कंसात आकडा लावतो, तेवढ्यानंही ती सापडत नाही. शक्यतो जुनी, कमी क्षमतेची स्टिक घ्या. नव्या मोठ्या स्टिक या बूटलोडरांना ओळखता येत नाहीत.

जुना_खटारा
पुलअप म्हणतो ते करा, पण त्याच्याही आधी सप्लाय मोजा. "अपडेटनंतर मेला" म्हणून आलेल्या कितीतरी यंत्रांत फर्मवेअर धडधाकट आणि सप्लायचे कपॅसिटर फुगलेले, असं बघितलंय. एफपीजीए (सिग्नल हाताळणारी, प्रोग्राम करता येणारी चिप) कॉन्फिगर होताना एकदम करंट ओढतो, दमलेला सप्लाय तिथे बसतो, प्रोसेसर रीसेट होतो आणि पुन्हा लोगो. मीटरच्या डीसी रेंजवर ५ व्होल्ट अगदी छान दिसतात, कारण मीटर सरासरी दाखवतो. मीटरला मिनिमम पकडायची सोय असेल तर ती लावून चालू करा. (स्कोप बिघडला की तो दुरुस्त करायला स्कोपच लागतो, हे या धंद्यातलं जुनं दुखणं.)

झाकण उघडण्याआधी वायर भिंतीतून काढा आणि थांबा. सप्लायच्या प्रायमरीतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो. तो उतरलाय हे मीटरने बघितल्याशिवाय बोट आत घालायचं नाही.

रिकामा_प्रोब
पुलअप, बटणाची युक्ती केली. स्टिकवरचा दिवा एकदा लुकलुकतो, पुढे काही नाही. खटारा काका, ५ आणि ३.३ दोन्ही मोजले. मिनिमम ४.९४ आणि ३.२८. लोगो स्थिर आहे, पुन्हा पुन्हा चालू होत नाही.

जुना_खटारा
मग सप्लायवरचा संशय सुटला. आता हे संगणकवाले लोक सांगतील.

फ्लक्सवाली
लक्षणं वाचून असं वाटतं की बूटलोडर जिवंत आहे. लोगो बहुतेक तोच दाखवतो. रिले वाजत नाहीत म्हणजे स्कोपचं मुख्य ॲप्लिकेशन सुरूच झालेलं नाही, कारण ॲटेन्युएटरचे (इनपुट लहान करणाऱ्या भागाचे) रिले तेच हलवतं. आणि पॅनलवर बहुधा वेगळा छोटा कंट्रोलर आहे, तो मुख्य प्रोसेसरच्या निरोपाची वाट बघत सगळे दिवे लावून बसलाय. म्हणजे बिघाड कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यात) किंवा रूट फाइलसिस्टममध्ये (तिच्या मुख्य फाइलींत). पण हा अंदाज झाला. खरं काय ते सिरियल कन्सोल (बोर्ड आपले निरोप अक्षरांत पाठवतो ती वाट) सांगेल.

बोर्डवर प्रोसेसरजवळ तीन-चार छिद्रांची किंवा पॅडांची ओळ शोधा. ग्राउंड कंटिन्युइटीने सापडेल. उरलेल्यांपैकी एकावर ठाम ३.३ असेल, तो सप्लाय; त्याला अडॅप्टर जोडायचा नाही. ट्रान्समिट ओळखायची खूण अशी: निवांत असताना ३.३, आणि स्कोप चालू केल्यावर पहिले काही सेकंद मीटरवरचा आकडा थरथरतो, जरा खाली येतो. तो अडॅप्टरच्या रिसीव्हला जोडा. अडॅप्टर ३.३ व्होल्ट टीटीएलचाच हवा, जुन्या नऊ पिनी आरएस-२३२ पोर्टला थेट जोडलात तर बोर्ड कायमचा जाईल. वेग १,१५,२०० पासून सुरू करा, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप.

आणि एक विनंती. कन्सोल मिळाला तरी काहीही *लिहू* नका. फक्त लॉग इथे टाका.

रिकामा_प्रोब
ताई, लागला! पहिल्याच वेगावर अक्षरं नीट आली. लॉग लांब आहे, मुद्द्याचं तेवढं सांगतो. यू-बूट (हाच बूटलोडर) सुरू होतं, रॅम १२८ एमबी दाखवतं, एसपीआय फ्लॅश (फर्मवेअर साठवणारी चिप) १६ एमबीची दिसते. कळ दाबून ऑटोबूट थांबवता येतं, एक सेकंद मिळतो. थांबवलं नाही तर कर्नलची इमेज वाचतं, हेडर तपासतं, मग चेकसम (डेटा शाबूत आहे का ते पडताळणारा आकडा) तपासताना "बॅड डेटा सीआरसी" म्हणतं आणि प्रॉम्प्टवर येऊन थांबतं.

अर्धवाहक
याहून सुखाचा बिघाड मागून मिळणार नाही. हेडर शाबूत, आतला डेटा अर्धवट. फक्त कर्नल परत मारायचा आहे.

यू-बूटच्या प्रॉम्प्टवर आधी सगळे एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल छापून घ्या आणि टर्मिनलचा लॉग जपून ठेवा. कुठला विभाग कुठल्या पत्त्यावर आहे, कर्नलला कोणते बूटआर्ग्स (सुरू होतानाच्या सूचना) जातात, सगळं त्यात असतं.

पुलअप
एवढा खटाटोप कशाला? माझ्या मित्राकडे हाच मॉडेल चालू स्थितीत आहे. त्याच्या चिपचा पूर्ण डंप (आतल्या सगळ्या डेटाची जशीच्या तशी प्रत) देतो, प्रोग्रामरने मारून टाका. अर्ध्या तासाचं काम.

फ्लक्सवाली
पुलअप, तुझी भावना चांगली आहे, पण हे करायचं नाही.

त्या १६ एमबीत फर्मवेअरच्या सोबत त्या *विशिष्ट* स्कोपचं फॅक्टरी कॅलिब्रेशन असतं. प्रत्येक चॅनलचा, प्रत्येक व्होल्ट-प्रति-डिव्हिजन रेंजचा गेन आणि ऑफसेट. शिवाय सीरियल नंबर, मॅक ॲड्रेस, विकत घेतलेले ऑप्शन. मित्राचा डंप मारला की स्कोप छान चालू होईल आणि छान चुकीचं मोजेल. सेल्फ कॅलिब्रेशन चालवून ऑफसेट सरळ होतो, पण गेनची मूळ दुरुस्ती बऱ्याच यंत्रांत त्याच्या आवाक्यात नसते. त्याला बाहेरून खात्रीचा डीसी सोर्स आणि कंपनीची पद्धत लागते. न चालणारा स्कोप परवडला, तो निदान खोटं बोलत नाही.

फर्मवेअर कंपनीच्या साइटवर पुन्हा मिळेल. कॅलिब्रेशनची प्रत जगात एकच आहे, ती याच चिपमध्ये. म्हणून सगळ्यात आधी या चिपचा डंप, तोही दोनदा, आणि दोन्ही फाइलींचे हॅश (फाइलवरून काढलेला ओळखीचा आकडा) जुळले पाहिजेत.

पुलअप
हे माहीत नव्हतं. मागे घेतो.

रिकामा_प्रोब
डंप कसा घेऊ? यू-बूटमध्ये यूएसबीवर लिहायची आज्ञा दिसत नाही, वाचायची आहे. नेटवर्कवर फाइल पाठवायचीही नाही. चिप आठ पायांची आहे, विनबाँडची २५क्यू१२८. क्लिप आणि सीएच३४१ए प्रोग्रामर मागवू शकतो.

अर्धवाहक
चालेल. मात्र काळ्या रंगाचे ते प्रोग्रामर बोर्ड येतात ना, त्यांतल्या बऱ्याच बोर्डांत चिपला सप्लाय ३.३ चा असला तरी डेटा लाइन ५ व्होल्टवर चालतात. लावण्याआधी मीटरने मोजा. तसं असेल तर बोर्डात ३.३ वर आणायची दुरुस्ती करून घ्या. चिपच्या नावाची पुढची अक्षरंही वाचा. याच घराण्यात १.८ व्होल्टच्या चिपा आहेत, त्यांना ३.३ देऊन चालत नाही. फ्लॅशरॉमने (प्रोग्रामर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) ओळख विचारली की ३.३ वाली ईएफ ४० १८ सांगते, १.८ वाली ईएफ ६० १८.

क्लिपचा लाल तार पहिल्या पिनवर, म्हणजे चिपवरच्या ठिपक्याकडे. स्कोपची मेन वायर काढलेली हवी.

रिकामा_प्रोब
प्रोग्रामर आला. डेटा लाइन खरंच ५ व्होल्टवर होत्या, दुरुस्त केल्या. ओळख ईएफ ४० १८ आली. डंप घेतले, पण दोन वेळचे हॅश जुळत नाहीत. तिसरा घेतला तर तो दोघांहून निराळा.

फ्लक्सवाली
क्लिपमधून चिपला दिलेला ३.३ बोर्डभर पसरतो. प्रोसेसर अर्धवट जागा होतो आणि त्याच चिपशी बोलायला लागतो, दोघांची गर्दी होते. प्रोसेसरची रीसेट लाइन शोधा (रीसेट आयसी किंवा जेटॅग हेडरवर सापडते), ती ग्राउंडला धरून ठेवा आणि मग वाचा. तरी जमलं नाही तर चिप हॉट एअरने काढून बाहेर वाचायची. एसपीआयचा वेग कमी करता येत असेल तर तोही करा.

जुना_खटारा
क्लिपचे दातही बघा. चिपच्या पायांवर कन्फॉर्मल कोटिंग (बोर्डवरचा संरक्षक थर) असेल तर संपर्क होत नाही. ते आधी नीट काढून घ्या.

रिकामा_प्रोब
रीसेट ग्राउंड केल्यावर सलग घेतलेले डंप तंतोतंत सारखे आले! तीन ठिकाणी प्रत ठेवली.

आता हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले बाइट सोळाच्या पायावरच्या आकड्यांत दाखवणारं साधन) काय दिसतं ते लिहितो, चुकत असेन तर सांगा. एनव्हायर्नमेंटनुसार कर्नल ९०००० या पत्त्यावर सुरू होतो. तिथे पहिले चार बाइट २७ ०५ १९ ५६. पुढे १डी३७०० पर्यंत गिचमिड डेटा आहे आणि तिथून थेट ४९०००० पर्यंत नुसतं एफएफ एफएफ एफएफ. ४९०००० ला एचएसक्यूएस अशी अक्षरं दिसतात. अगदी शेवटच्या एक एमबीत, एफ००००० पासून, ८५ १९ ने सुरू होणारे तुकडे आहेत.

अर्धवाहक
वा, अगदी पुस्तकी चित्र आहे. एकेक बघू.

२७०५१९५६ हा तारखेसारखा दिसणारा आकडा यू-बूटच्या जुन्या इमेजची खूण. तिथूनच ६४ बाइटांचं हेडर सुरू होतं. त्यातला बारावा बाइट (शून्यापासून मोजून) ते पंधरावा, एवढ्यात डेटाची लांबी लिहिलेली असते. ती सांगा. एचएसक्यूएस म्हणजे स्क्वॅशएफएस, तुमची रूट फाइलसिस्टम, ती जागेवर आहे. ८५ १९ म्हणजे जेएफएफएस२, लिहिता येणारा विभाग; तुमचं कॅलिब्रेशन बहुधा तिथेच आहे आणि अपडेट तिथवर पोचलेलंच नाही.

रिकामा_प्रोब
लांबीचे बाइट: ०० ३ए २एफ ४०.

अर्धवाहक
म्हणजे ३८,१३,१८४ बाइट. ९०००० मध्ये हेडर आणि ही लांबी मिळवली की कर्नल ४३२एफ८० ला संपायला हवा. त्यापुढचं एफएफ स्वाभाविक, ती रिकामी जागा. पण १डी३७०० ते ४३२एफ८० मधलं एफएफ हे भोक आहे. नॉर फ्लॅशमध्ये (तुमची चिप याच जातीची) आधी पुसावं लागतं, पुसलं की सगळे बिट १ होतात, आणि लिहिताना १ चा ० करता येतो, उलट नाही. अपडेटने पूर्ण कर्नल विभाग पुसला, २५६ बाइटांची एकेक पानं लिहायला घेतली आणि वीज गेली तेव्हा ते पस्तीस टक्क्यांवर होतं. तुम्ही तिसरा हिस्सा म्हणालात ना, बरोबर बसतंय.

रिकामा_प्रोब
कमाल आहे! मग अपडेटच्या फाइलमधून कर्नल कापून घेतो आणि प्रोग्रामरने मारतो?

फ्लक्सवाली
कापून घ्या, पण मारू नका. आधी रॅममधून चालवून बघा.

बिनवॉक (फाइलच्या आत काय काय आहे ते शोधणारं साधन) अपडेट फाइलवर चालवा. फाइल एन्क्रिप्टेड नसेल तर २७०५१९५६ कुठे आहे ते तो दाखवेल, तिथून हेडर अधिक लांबी एवढा तुकडा कापा. मग यू-बूटमध्ये वायमोडेमने घ्यायची आज्ञा (लोडवाय) देऊन तो रॅममध्ये चढवा. १,१५,२०० ला सेकंदाला जेमतेम ११ केबी जातात, सहा-सात मिनिटं लागतील. इमेज तपासायच्या आज्ञेने चेकसम बघा, बूटआर्ग्स भरलेत ना ते बघा, आणि रॅमच्या त्या पत्त्यावरून बूट करा. फ्लॅशला हातही लागत नाही. फसलं तर स्विच बंद करा, आहे तिथेच आहात.

रिकामा_प्रोब
केलं. चेकसम बरोबर आला, कर्नल सुरू झाला, कन्सोलवर ओळी धावायला लागल्या, जीव भांड्यात पडला असं वाटेपर्यंत "व्हर्जन मॅजिक" जुळत नाही अशा तक्रारी सुरू झाल्या. एफपीजीएचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा) लोड झालं नाही, ॲप्लिकेशन पडलं. रिले गप्पच.

फ्लक्सवाली
म्हणूनच रॅम. कर्नल तुम्ही नव्या अपडेटमधला घेतला, रूट फाइलसिस्टम जुनी आहे. जुन्या फाइलसिस्टममधली मॉड्यूल जुन्या कर्नलसाठी बांधलेली, नवा कर्नल ती नाकारतो. दोन रस्ते आहेत: दोन्ही नवं मारा, किंवा जुन्याच आवृत्तीचा कर्नल शोधा. मी दुसरा घेईन, कमीत कमी जागा खोडावी लागते. जुनी आवृत्ती कोणती ते स्क्वॅशएफएस उघडून बघा, मॉड्यूल ज्या फोल्डरमध्ये आहेत त्याच्या नावातच कर्नलची आवृत्ती असते.

टाइमबेस
मध्येच घुसतो, माफ करा. माझ्या स्कोपमध्येही असाच प्रकार आहे, पण त्यात नँड (दुसऱ्या जातीची फ्लॅश) आहे. हीच कृती चालेल का?

अर्धवाहक
टाइमबेस, कन्सोल आणि रॅमपर्यंतची कृती तीच. प्रोग्रामरचा भाग वेगळा. नँडमध्ये कारखान्यातूनच काही ब्लॉक खराब येतात आणि प्रत्येक चिपचे वेगवेगळे असतात. २०४८ बाइटांच्या पानामागे सहसा ६४ बाइट जादा असतात, त्यात ईसीसी (चुका दुरुस्त करायची माहिती) आणि खराब ब्लॉकची खूण. एका चिपचा कच्चा डंप दुसरीवर जसाच्या तसा मारला तर सगळं सरकतं. लिहायचं तर यू-बूटमधून, ते खराब ब्लॉक वगळून लिहितं. आणि स्क्रब ही आज्ञा चुकूनही देऊ नका, ती कारखान्याच्या खुणाही पुसून टाकते. पुढचं नव्या धाग्यात विचारा, इथे गुंता होईल.

अनामिक_ॲनालॉग
डंप हाताशी आहेच तर १०० मेगाहर्ट्झचा २०० करता येईल का?

प्रशासक
लायसन्स मोडण्याची चर्चा या दालनात नको. पुढचे असे प्रतिसाद उडवले जातील.

रिकामा_प्रोब
जुन्या आवृत्तीची फाइल कंपनीच्या साइटवर जुन्या उतरवण्यांत मिळाली. कर्नल कापला, फोल्डरच्या नावातली आवृत्ती जुळते. वायमोडेमने चढवला, चेकसम बरोबर, रॅममधून बूट.

टक. टकटक. टक.

ग्रिड आली, दोन्ही ट्रेस आले! सिस्टमच्या माहितीत माझाच सीरियल नंबर आहे. आता मारू का?

फ्लक्सवाली
आता मारा. यू-बूटमधूनच, प्रोग्रामर नको. स्कोप बंद करून कर्नल पुन्हा रॅममध्ये घ्या, फ्लॅश ओळखवा, मग ९०००० पासून ४००००० एवढंच पुसा. आकडे हेक्स आहेत आणि दोन्ही ६४ केबीच्या पटीत आहेत, त्यामुळे शेजारच्या विभागाला धक्का लागत नाही. एंटर दाबण्याआधी शून्यं मोजा. लिहून झालं की फ्लॅशमधून रॅमच्या दुसऱ्या पत्त्यावर वाचून दोन्ही बाइट-बाइट ताडून बघा. जुळलं की मगच रीसेट. या वेळी स्कोप आणि लॅपटॉप दोन्ही यूपीएसवर.

रिकामा_प्रोब
झालं! ताडून बघितलं, ३८ लाखांवर बाइटांत एकही फरक नाही. (जुन्या कर्नलची लांबी थोडी कमी निघाली, मी हेडरमधूनच घेतली.) स्कोप आपापला बूट होतो, पॅनलवरचे दिवे लागून विझतात.

अर्धा तास गरम होऊ दिला, इनपुट मोकळे ठेवून सेल्फ कॅलिब्रेशन चालवलं, पास. प्रोब कॉम्पेन्सेशनचा १ किलोहर्ट्झचा चौकोन नीट दिसतोय. बेंच सप्लायचे ५ व्होल्ट मीटरवर ५.०१, स्कोपवर चॅनल एकला ५.०४ आणि दोनला ५.०२.

जुना_खटारा
आठ बिटांच्या स्कोपला याहून जास्त मागू नये. उघडलाच आहे तर पंखा साफ करा आणि सप्लायमधले कपॅसिटर वरून एकदा बघून घ्या.

पुलअप
मग ते अर्धवट राहिलेलं नवं अपडेट करणार का परत?

रिकामा_प्रोब
त्याच्या बदलांची यादी वाचली. दोन भाषांचे मेनू वाढवलेत आणि एका डीकोडरची दुरुस्ती आहे, जो माझ्याकडे नाहीच. नाही करत.

फ्लक्सवाली
कन्सोलच्या तीन तारा मात्र काढू नका. मागच्या जाळीतून एक छोटा कनेक्टर बाहेर आणून ठेवा. आणि डंपच्या फाइलच्या नावात सीरियल नंबर घाला, दोन वर्षांनी तो कुठल्या यंत्राचा ते आठवत नाही.

रिकामा_प्रोब
दोन्ही केलं. टाइमबेस, तुमच्या नँडच्या धाग्याची लिंक इथे टाका, माझं क्लिप-प्रोग्रामरचं सामान आता रिकामंच आहे.